स्केटबोर्डिंग आणि इतर खेळांच्या व्हिडिओ गेमचा इतिहास कसा लिहावा

२०२० साली आलेला ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर १+२’ (स्केटबोर्डपटू टोनी हॉक यांच्या नावाच्या गेम मालिकेतल्या पहिल्या दोन भागांची नवी आवृत्ती) सुरू करा आणि पहिलीच ‘वेअरहाउस’ लेव्हल घ्या. उतारावरून सुसाट खाली, काच फोडून आत, समोरच्या रॅम्पवरून हवेत एक ग्रॅब (हाताने बोर्ड पकडणं), जमिनीला टेकताना रिव्हर्ट, लगेच मॅन्युअल, मग रेलिंगवर ग्राइंड (बोर्ड घासत घसरणं). गुणांची साखळी वाढतच जाते. आता १९९९ ची मूळ प्लेस्टेशनची डिस्क लावा आणि हेच करून पाहा. जमणार नाही. रॅम्पवर उतरलात की साखळी तुटली, गुण जमा झाले. कारण दोन चाकांवर तोल सांभाळत सपाट जमिनीवर पुढे जाण्याची युक्ती, म्हणजे मॅन्युअल, २००० च्या दुसऱ्या भागात आली. रॅम्पवरून उतरताना बोर्ड गर्रकन फिरवून साखळी जिवंत ठेवणारा रिव्हर्ट २००१ च्या तिसऱ्या भागातला. नव्या आवृत्तीने ही दोन्ही हत्यारं जुन्या लेव्हलमध्ये आणून ठेवली.

ज्याने फक्त नवी आवृत्ती खेळून “१९९९ मध्ये पोरं लाखो गुणांच्या साखळ्या लावायची” असं लिहिलं, त्याच्या लेखाचा पायाच कच्चा. आणि असे लेख ढिगाने आहेत. तारखा बरोबर, विक्रीचे आकडे बरोबर, पण हातात कंट्रोलर धरल्यावर काय होत होतं ते चूक. माझ्या मते खेळांच्या गेमचा इतिहास सगळ्यात आधी नियमांत आणि बोटांत सापडतो, म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच धाग्याने बांधल्या आहेत. उदाहरणं मुख्यतः स्केटबोर्डिंगची घेतली आहेत, कारण तिथे हे फार स्वच्छ दिसतं.

आधी प्रश्न लहान करा

“स्केटबोर्डिंग गेमचा इतिहास” हा लेखाचा विषय होऊ शकत नाही. त्यातून नावं आणि सालं यांची जंत्री निघते: १९८६ ला अटारी गेम्सचा ‘७२०°’, १९८७ ला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा (ईए) ‘स्केट ऑर डाय’ आणि एपिक्सचा ‘कॅलिफोर्निया गेम्स’, १९९७ ला सेगाचा ‘टॉप स्केटर’, १९९९ ला टोनी हॉक, २००७ ला ‘स्केट’. हे कुणालाही शोधून मिळतं.

त्याऐवजी एका नियमाच्या मागे लागा. उदाहरणार्थ घड्याळ. टोनी हॉक मालिकेच्या पहिल्या तीन भागांत, स्पर्धेच्या लेव्हल सोडल्या तर, प्रत्येक फेरी दोन मिनिटांची. तेवढ्यात गुण कमवायचे, स्केट या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं गोळा करायची, लपवलेली व्हिडिओ टेप शोधायची. २००२ च्या चौथ्या भागात हे घड्याळ काढून टाकलं; खेळाडू लेव्हलमध्ये मोकळा फिरतो आणि तिथल्या माणसांशी बोलून काम मागून घेतो. मग २०२५ मध्ये आयर्न गॅलेक्सी या स्टुडिओने तिसरा आणि चौथा भाग एकत्र करून नव्याने काढला, तेव्हा चौथ्या भागाच्या लेव्हलनाही घड्याळ लावलं, आणि जुने चाहते नाराज झाले. का नाराज झाले? घड्याळ गेल्याने खेळणं नेमकं कसं बदललं होतं? आणि त्याआधी ‘७२०°’ मध्ये वेळ संपली की मधमाश्यांचा थवा अंगावर यायचा, त्या आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्राच्या, घड्याळाशी या दोन मिनिटांचं काही नातं आहे का? एवढ्यावर भरगच्च लेख होतो. वाचक शेवटपर्यंत थांबतो, कारण त्याला उत्तर हवं असतं.

प्रश्न एका वाक्यात लिहून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा. पुढे जे सापडेल ते या वाक्याला लागू नसेल तर बाजूला काढा, कितीही रंजक असलं तरी.

आवृत्त्यांचा तक्ता करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच बहुतेक जण गाळतात. एकाच नावाचा गेम वेगवेगळ्या यंत्रांवर वेगळा असतो. पहिला टोनी हॉक प्लेस्टेशनवर नेव्हरसॉफ्टने केला. निन्टेंडो ६४ ची आवृत्ती एज ऑफ रिअ‍ॅलिटीने केली, ड्रीमकास्टची ट्रेआर्कने, दोन्ही २००० साली. निन्टेंडोची कार्ट्रिज छोटी, म्हणून गाणी कमी आणि कापलेली. स्केटरांच्या खऱ्या चित्रफितीही तिच्यात नाहीत. ज्याने लहानपणी निन्टेंडो खेळला त्याची आठवण आणि ज्याने प्लेस्टेशन खेळला त्याची आठवण जुळणार नाही, आणि दोघेही खरं सांगत असतील.

तक्त्यात एवढे रकाने पुरेत: यंत्र, देश, कुणी तयार केला, कुणी प्रकाशित केला, महिना आणि साल, काय वेगळं आहे, आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. सुरुवात मोबीगेम्ससारख्या सूचीवरून करायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका.

तारखांबाबत विशेष जपा. पहिल्या टोनी हॉकची अमेरिकेतली तारीख कुठे ऑगस्टअखेर दिलेली आढळते, कुठे सप्टेंबरअखेर. त्या काळी आजच्यासारखा ठरलेल्या दिवशी जगभर गेम खुला होत नसे. कारखान्यातून माल निघण्याचा दिवस वेगळा, दुकानात फळीवर लागण्याचा वेगळा. ठोस पुरावा हाती नसेल तर दिवस लिहूच नका, “सप्टेंबर १९९९ च्या सुमारास” लिहा. अचूकतेचा आव आणण्यापेक्षा हे बरं.

खेळा, पण वही उघडी ठेवून

ज्या आवृत्तीबद्दल लिहिणार तीच खेळा. मूळ यंत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालतो, पण तसं लेखात नोंदवा, आणि फास्ट फॉरवर्ड किंवा हवं तिथे सेव्ह करण्याची सोय बंद ठेवा. मूळ खेळाडूकडे ती नव्हती. चित्राची गती हाही मुद्दा आहे. भारतातले आणि युरोपातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र दाखवणारे. अमेरिका-जपानमधले ६० वेळा. त्या काळचे अनेक गेम पाल आवृत्तीत थोडे संथ चालत. टायमिंगवर बेतलेल्या खेळात हा फरक बोटांना कळतो.

वहीत काय लिहायचं? गुण नकोत, कोण जिंकलं तेही नको. प्रत्येक बटण काय करतं. एखादी कृती सुरू झाल्यावर मध्येच थांबवता येते का. कशाने साखळी तुटते. पडल्यावर पुन्हा उभं राहायला किती वेळ जातो. कॅमेरा कुठे असतो आणि पुढचा अडथळा दिसायला किती अवधी मिळतो. तुम्ही न ठरवता कुठे पुन्हा पुन्हा जाता.

एक उदाहरण जवळून पाहू. टोनी हॉकमध्ये प्लेस्टेशनचं एक्स बटण दाबून धरलं की स्केटर गुडघे वाकवतो आणि वेग घेतो. सोडलं की ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी. हवेत असताना चौकोन दाबला तर बोर्ड पायाखाली फिरतो, गोल दाबला तर हाताने पकडतो, त्रिकोण दाबला तर जवळच्या कठड्यावर घसरतो. चार बटणं, चार क्रियापदं, दिशा बदलली की क्रिया बदलते. पाच मिनिटांत कुणीही शिकतो. आता २००७ चा ‘स्केट’ घ्या, ईएच्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओचा. कंट्रोलरवरची उजवी काडी (स्टिक) खाली ओढायची आणि झटक्यात वर ढकलायची, तेव्हा ऑली. ती किंचित तिरकी गेली तर दुसरीच ट्रिक. काडी खाली ओढणं म्हणजे मागच्या पायावर भार देणं, वर झटका म्हणजे उडी. इथे साधी ऑली नीट बसली तरी आनंद होतो. टोनी हॉकमध्ये ऑली म्हणजे नुसती सुरुवात असते. दोन्ही गेम एकाच खेळाचे, पण एकाने स्पर्धेतली भव्यता उचलली आणि दुसऱ्याने रस्त्यावरच्या सरावाची चिकाटी. हा फरक गुणपत्रिकेत किंवा परीक्षणातल्या दहापैकी नऊमध्ये सापडत नाही, तो अंगठ्याला जाणवतो. तुमच्या लेखात असा निदान एक परिच्छेद हवा, ज्यात वाचकाच्या हातात कंट्रोलर आहे असं वाटेल.

टोनी हॉक मालिकेच्या २००९ च्या ‘राइड’मध्ये कंट्रोलरऐवजी संवेदक बसवलेला प्लास्टिकचा बोर्डच दिला होता, त्यावर उभं राहायचं. तो फसला. का फसला हे कळायला तो बोर्ड मिळवून त्यावर उभंच राहावं लागतं. मिळाला नाही तर त्या काळच्या चित्रफितींत खेळणाऱ्याचे पाय पाहा, पडदा नको.

त्या काळचा कागद शोधा

नंतरच्या लेखांतून उतरवलेली माहिती म्हणजे ऐकीव. गेम निघाला त्या महिन्यांतली मासिकं, जाहिराती, डब्यावरचा मजकूर, माहितीपुस्तिका हे मूळ साधन. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मासिकं भरपूर आहेत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये आपलं डिजिटल ग्रंथालय खुलं केलं, त्यात मासिकांच्या मजकुरात शब्द टाकून शोधता येतं. याच संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेतले ८७ टक्के जुने गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत असं दिसलं. त्यामुळे कागद जपणाऱ्यांवर आपली सगळी भिस्त आहे.

मासिकं वाचताना दोन गोष्टी विसरू नका. मुखपृष्ठावरचा महिना आणि दुकानात येण्याचा महिना वेगळा असतो. ऑक्टोबरचा अंक सप्टेंबरात किंवा त्याआधीच मिळायचा, आणि त्यातला मजकूर त्याच्याही बराच आधी लिहिलेला. दुसरं म्हणजे पूर्वओळख आणि परीक्षण यांत गल्लत नको. पूर्वओळख अर्धवट तयार गेमवर लिहिलेली असते. तिच्यात वर्णन केलेली लेव्हल अंतिम गेममध्ये नसूही शकते, आणि तशी तफावत सापडली तर तीच बातमी आहे.

फक्त गेमची मासिकं वाचू नका. स्केटबोर्डिंगच्या मासिकांनी त्याच गेमबद्दल काय लिहिलं? स्केटरांना तो आपला वाटला की परका? खेळाच्या गेमला असे दोन वाचकवर्ग असतात आणि इतिहास लिहिणारे त्यातला एकच पाहतात.

कागदाचं मोल कळायला टेबल टेनिसची गोष्ट पुरे. अटारीचा ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा गेम नोव्हेंबर १९७२ चा. पण त्याआधी मॅग्नावॉक्सच्या ओडिसी यंत्रावर टेबल टेनिस होतं, राल्फ बेअर यांच्या कामातून उभं राहिलेलं. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात ओडिसीचं प्रात्यक्षिक झालं तिथे अटारीचे नोलन बुशनेल गेले होते, आणि पाहुण्यांच्या वहीत त्यांची सही होती. मॅग्नावॉक्सने दावा लावला तेव्हा ती सही पुराव्यात आली, आणि १९७६ मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला. शिवाय विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्येच ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस खेळून दाखवलं होतं. “पहिला” हा शब्द लिहिण्याआधी कशातला पहिला ते ठरवा: प्रयोगशाळेतला, घरातला, की नाणं टाकून खेळायचा.

माणसांच्या आठवणी

गेमच्या शेवटी येणारी नामावली पूर्ण उतरवून घ्या. त्यातली बरीच माणसं आजही कुठे ना कुठे काम करत असतात आणि नम्रपणे विचारलं तर उत्तर देतात. “गेम बनवताना कसं वाटलं?” असं विचारलं तर गुळगुळीत उत्तर मिळेल. “दोन मिनिटांच्या आधी दुसरा कुठला आकडा करून पाहिला होता का?” असं विचारलं तर माणूस खरोखर आठवायला लागतो.

आठवण म्हणून मिळालेली गोष्ट आठवण म्हणूनच छापा. टोनी हॉक यांनी अनेकदा सांगितलं आहे की गेमची प्रकाशक कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने त्यांना ५ लाख डॉलरची एकरकमी रक्कम देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारून विक्रीतला वाटा घेतला. हे लिहिताना “हॉक सांगतात” हे दोन शब्द सोडू नका. ‘एनबीए जॅम’ हा बास्केटबॉलचा गेम तयार करणारे मार्क टर्मेल यांनी कबूल केलं आहे की शिकागो बुल्स डेट्रॉइट पिस्टन्सशी खेळत असताना शेवटच्या क्षणाचे बुल्सचे फटके हुकावेत अशी सोय त्यांनी गेममध्ये करून ठेवली होती, कारण ते स्वतः डेट्रॉइटचे चाहते. अशी कबुली मिळाली की लगेच गेम लावून तपासून पाहा. आठवण आणि यंत्र दोन्ही एकच सांगत असतील तर लेखाला बळ येतं.

मूळ खेळ समजून घ्या

ज्याला ऑफसाइड कळत नाही त्याने फुटबॉलच्या गेमबद्दल लिहू नये, आणि ज्याला ऑली कशी बसते ते ठाऊक नाही त्याने स्केटबोर्डिंगच्या गेमबद्दल. बोर्डावर उभं राहणं जमलं नाही तरी चालेल, पण एखाद्या स्केटपार्कच्या कठड्याशी बसून दुपार घालवा आणि तिथल्या पोरांना प्रश्न विचारा. ऑली आधी अ‍ॅलन गेल्फंड यांनी स्केटपार्कच्या उभ्या भिंतीवर १९७० च्या दशकाच्या शेवटी केली. सपाट जमिनीवर ती रॉडनी मलन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. मलन नंतर टोनी हॉकच्या दुसऱ्या भागात खेळाडू म्हणून आले. हे कळलं की त्या भागात सपाट जमिनीवरचा मॅन्युअल येणं आणि मलन येणं एकाच वेळी घडलं हे लक्षात येतं. योगायोग की ठरवून, हे विचारण्याजोगं आहे.

पहिल्या भागातली बर्नसाइड ही लेव्हल अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या खऱ्या जागेवरून घेतली आहे. तिथल्या स्केटरांनी १९९० मध्ये पुलाखाली परवानगी न घेता स्वतः सिमेंट ओतून पार्क उभा केला, शहराने नंतर मान्यता दिली. खऱ्या पार्कची छायाचित्रं आणि गेममधली लेव्हल शेजारी ठेवा, काय ठेवलं आणि काय बदललं ते मोजा. नकाशावर खुणा करत केलेलं हे काम वाचकाला फार आवडतं.

नावांकडेही लक्ष असू द्या. जुन्या भागांत ‘म्यूट ग्रॅब’ असलेली ट्रिक २०२० च्या आवृत्तीत ‘वेडल ग्रॅब’ झाली, कारण ती काढणारे ख्रिस वेडल हे कर्णबधिर स्केटर, आणि त्यांना त्यांच्या नावाने श्रेय द्यावं असं हॉक यांनी ठरवलं. १९९९ बद्दल लिहिताना त्या वेळचं नाव द्या आणि बदलाची नोंद करा.

परवाने आणि गाणी

हा भाग थोडक्यात, पण टाळू नका. खेळांच्या गेममध्ये संघ, खेळाडू, मैदानं, गाणी सगळं उसनं असतं, आणि करार संपला की गेम बाजारातून जातो. टोनी हॉकची २०१२ ची एचडी आवृत्ती २०१७ मध्ये विक्रीतून काढली गेली. ईएचा फुटबॉल गेम १९९३ पासून फिफाच्या नावाने निघत होता, २०२३ पासून नाव बदललं. कुठल्या वर्षी कुठलं नाव दिसतं आणि कुठलं गायब होतं, यावरून करारांची गोष्ट बरीचशी वाचता येते.

आपल्याकडचं काम: क्रिकेट

मराठीत लिहिणाऱ्याला एक मोठं रिकामं शेत इथे आहे. ईएचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने केलेला. त्यानंतर ईएने संगणकासाठी पुढचा भाग काढला नाही. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. म्हणजे ‘क्रिकेट ०७’ मध्ये तुम्ही मुंबई इंडियन्सची जर्सी घालून खेळला असाल, तर ते सगळं चाहत्यांनी केलेलं काम होतं. ‘क्रिकेट २०११’ अशा नावाच्या सीडी फिरायच्या. त्या नावाचा गेम ईएने कधी काढलाच नाही, आत तोच ०७ असायचा, नवे संघ आणि नवे रंग चढवलेला.

हे संघ कुणी तयार केले, फाइली कशा फिरल्या, कुठल्या सायबर कॅफेत तासाला किती घेत आणि कोण कुणाला शिकवत असे, हे लिहून ठेवणारं जवळपास कुणी नाही. कुठल्याही परदेशी मासिकात हे मिळणार नाही. तुमच्या गावात ज्यांनी कॅफे चालवला त्यांना भेटा. जुन्या हार्ड डिस्क, सीडीवर मार्करने लिहिलेली नावं, पॅचसोबत (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइलींसोबत) आलेल्या मजकुराच्या फाइली गोळा करा. त्या छोट्या फाइलींत बनवणाऱ्याचं टोपणनाव आणि तारीख बहुधा असते. सीडीचा फोटो आधी काढा, मग ती संगणकात घाला. जुन्या सीडीत विषाणू असण्याची शक्यता मोठी, म्हणून इंटरनेट तोडलेला जुना संगणक वापरा. खासगी माणसांची खरी नावं त्यांनी होकार दिल्याशिवाय छापू नका. पायरेटेड मालाबद्दल बोलताना माणसं सहज संकोचतात.

लिहायला बसताना

पहिल्या परिच्छेदात गेम चालू असू द्या, कंपनीची स्थापना नंतर. तांत्रिक शब्द पहिल्यांदा आला की तिथेच कृती सांगून उलगडा, जशी बोटं आणि बोर्ड हलतो तशी. वेगळी शब्दसूची कुणी वाचत नाही. स्क्रीनशॉटखाली कुठलं यंत्र, कुठली आवृत्ती, कुठली लेव्हल ते लिहा, कारण नव्या आवृत्तीचं सुंदर चित्र जुन्या गेमच्या परिच्छेदाला लावणं ही फसवणूक होते. परीक्षणांचे गुण आणि विक्रीचे आकडे एकदाच, नेमक्या जागी आणि कुणी मोजले ते सांगून.

मसुदा झाल्यावर तो गेम न खेळलेल्या एका माणसाला आणि भरपूर खेळलेल्या एका माणसाला द्या. पहिला जिथे अडतो तिथे वर्णन कमी पडलं. दुसरा जिथे “नाही, असं नव्हतं” म्हणतो तिथे दोघांनी मिळून तीच लेव्हल पुन्हा लावायची, त्याने आणि तुम्ही कुठली आवृत्ती खेळला होता ते आधी विचारून. प्रकाशित झाल्यावर कुणी चूक दाखवली तर मजकूर गुपचूप बदलू नका. खाली तारीख घालून काय बदललं ते नोंदवा, आणि आवृत्त्यांच्या तक्त्यातला तो रकानाही त्याच दिवशी दुरुस्त करा.